दहापैकी एक

डॉक्टर ओ ग्युह्वान प्रश्न विचारत नसत, रुग्णाच्या हातात उत्तर ठेवत. "काय आई, पाय हलका झाला ना आता?"

दोन वर्षांपूर्वी त्यांनी मा ओक्सुनबाईंच्या कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडले होते. छेद इवलेसे, रक्त वाटीभरही गेलं नाही, चौथ्या दिवशी बाई घरी. आज शेवटची तपासणी. दुखणं शून्य ते दहात किती, तो आकडा लिहिला की साठ रुग्णांवरचा त्यांचा शोधनिबंध पुरा होणार होता.

"एक," ओक्सुनबाई म्हणाल्या. "तोही वयाचा. तुमचे उपकार." वर्तमानपत्रात गुंडाळलेली तिळाच्या तेलाची बाटली त्यांनी टेबलावर सरकवली आणि ताठ चालत बाहेर गेल्या.

डॉक्टर जेवायला खाली उतरले. इमारतीमागे कचऱ्याच्या पिंपाआड एक जुनी बाबागाडी होती, गावाकडच्या वाकलेल्या म्हाताऱ्या आधाराला ढकलत नेतात तसली. तिच्या दांड्यावर छाती टेकून ओक्सुनबाई धापा टाकत होत्या.

"आई, गाडी इथे का लपवलीत?"

"तुमच्या दारात कशी आणू? लोक म्हणतील, ओ डॉक्टरांचा पेशंट आणि ही दशा."

"खरं सांगा. किती?"

"सात. कांदे काढताना आठ."

"मग एक का म्हणालात?"

"तुम्ही 'हलका झाला ना' म्हणालात. तोंडावर नाही कसं म्हणू? चार तास उभे राहिलात माझ्यासाठी. मीच कुठे कमी पडले असेन."

एक्स-रेच्या फोटोत स्क्रू सरळ दिसत होते, मणके जुळले होते. फोटो बघून खूश होणारा हा माणूस बाईची चाल बघायला विसरला होता. विसरला कसला, टाळत होता.

त्यांनी स्वतः गाडी ढकलत पुढच्या दाराने आत आणली.

"सोडा हो, लोक बघतायत."

"बघू द्या."

वर तपासणीच्या खोलीत त्यांच्या फ्यो नर्सने आकडा खोडून सात लिहिला. "आणि बाकीचे एकोणसाठ?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"जिन्यात माझ्याजवळ रडतात ते, डॉक्टर."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही तुम्ही 'सगळं ठीक ना' असंच विचारता."

निबंध शुक्रवारी जायचा होता. "नाही पाठवत," ते खाली बघत म्हणाले. "सगळ्यांना पुन्हा बोलवा. तुम्ही विचारा. मी खोलीत नसेन."

ते बाहेर गेले, दार ओढून घेतलं. लगेच आतून ओक्सुनबाईंचा आवाज आला, मोकळा, तक्रारखोर, त्यांनी दोन वर्षांत एकदाही न ऐकलेला. "बस गं पोरी, सांगते. रात्री कूस बदलायची म्हटलं तरी..."