पातेल्याच्या बुडाचं

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात चिटणीस वर्षातून एकदाच येत, तेही नाकाला रुमाल लावून. थोरल्या डॉक्टरांच्या जन्मशताब्दीच्या सकाळी मात्र ते रुमालाऐवजी कागद घेऊन आले. रुग्णालय उभारणाऱ्या डॉक्टरांचा आवडता पदार्थ, दुधात शिजवलेला भात, पाहुण्यांना वाढायचा होता. कागदावर केशर होतं, बदाम होते, चांदीचा वर्खही होता.

"डॉक्टर चांदी खायचे?" आत्यांनी विचारलं.

आत्या म्हणजे इथल्या मुख्य स्वयंपाकीण. त्यांच्या आईने डॉक्टरांना बारा वर्षं रांधून घातलं होतं. डॉक्टर हा भात खायचे हे खरंच. पण सगळे रोगी जेवल्यावर, झाडूवाल्याचंही पोट भरल्यावर, पातेल्याच्या बुडाला जी करपट खरवड राहायची, ती. शताब्दी समितीने डॉक्टरांची आवड शोधून काढली होती. रांगेतली त्यांची जागा शोधायला तिला सवड झाली नव्हती.

कागदाची शेवटची ओळ अशी होती: समारंभ आटोपेपर्यंत वॉर्डांचं जेवण थांबवावं.

आत्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांच्या वॉर्डातल्या एक आजी ऑपरेशनमुळे दोन दिवस उपाशी होत्या. आज बाराला पहिला घास मिळणार म्हणून उजाडल्यापासून घड्याळाकडे डोळे लावून बसल्या होत्या. आत्यांनी चिटणिसांना तेही सांगून पाहिलं. चिटणीस म्हणाले, पाहुणे काय रोज येतात? रोगी तर आहेतच.

आत्यांनी वर्ख आणि बदाम डब्यात बंद केले आणि होतं नव्हतं ते सगळं दूध सगळ्यांत मोठ्या पातेल्यात ओतलं.

बाराच्या ठोक्याला जेवणाच्या गाड्या वॉर्डांकडे निघाल्या. आजींनी दोन वाट्या भात संपवला आणि साखर कमी आहे अशी तक्रारही केली. म्हणजे दुखण्याला उतार पडला होता.

डॉक्टरांच्या त्यागावर सव्वा तास बोलून समारंभाच्या अध्यक्षांना सडकून भूक लागली होती. आत्यांनी पातेलंच आणून त्यांच्यापुढे ठेवलं. आत तपकिरी थर, त्यावर उलथनं.

"हे काय आहे?" चिटणीस पातेल्यात डोकावले.

"डॉक्टरांच्या आवडीचं. सगळे जेवलेत. आता तुम्ही बसा."

फोटोवाला कॅमेरा रोखून उभाच होता. अध्यक्षांनी नाइलाजाने उलथनं उचललं. थर काही सुटेना.

"जोर लावा, साहेब," आत्या म्हणाल्या. "डॉक्टर लावायचे."