दाराआडचं इंग्रजी

माझ्या पिशवीत सगळं इंग्रजीच भरलेलं असतं. एल्बो, कपलिंग, वॉशर, व्हॉल्व्ह. नळदुरुस्तीत उभं आयुष्य गेलं, पण या शब्दांचं वाक्य करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. वाक्यं करायची ती बायकोने.

बायको नर्स. एका लहानशा दवाखान्यात ती वर्षानुवर्षं राबत होती आणि कालच्या पोरी तिच्या डोक्यावर येऊन बसत होत्या. मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली, पण तिथे इंग्रजीची परीक्षा: ऐकायचं, लिहायचं, बोलायचं. ही जागा तिला हवीच होती. रोज कामावरून आली की मोबाइलवरची बाई बोलेल ते ऐकून लिहायची आणि मग आतल्या खोलीचं दार लावून बोलायची. "तुमच्यासमोर जीभ अडखळते," म्हणायची. दार कसलं, प्लायवूडचा तुकडा. मी ओट्यापाशी कांदा चिरत असायचो आणि सगळं कानावर यायचं.

एका संध्याकाळी ऐकलं, "माय हजबंड इज अ बँक मॅनेजर. ही गोज टू ऑफिस बाय कार."

मला इंग्रजी येत नाही, पण हजबंड, बँक, मॅनेजर आणि कार न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. सुरी तशीच हातात राहिली. राग आला असता तर बरं झालं असतं. आली ती लाज. नखांत बसलेला काळा मळ, शर्टाला येणारा मोरीचा वास. चार लोकांत तिने नवरा म्हणून हे ध्यान दाखवायचं तरी कसं? तिला विचारलं मात्र नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

शेवटी ठरवलं, बायकोचं खोटं आपल्यामुळे उघडं पडायला नको. मग माझाही सराव सुरू झाला. लोकांच्या सिंकखाली आडवा पडून पाना फिरवत मी पुटपुटायचो, "आय ॲम बँक मॅनेजर. आय गो टू ऑफिस बाय कार." एका घरच्या आजींनी वाकून विचारलं, "काय म्हणालास रे?" म्हटलं, "वॉशर झिजलाय, आजी."

परीक्षेच्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, चला ना बरोबर. तेवढाच धीर येतो." मी ब्रशने नखं घासघासून काढली, मेव्हण्याच्या लग्नातला शर्ट चढवला आणि पिशवी घरीच ठेवली. ती बघत राहिली.

तोंडी परीक्षा आत चालली होती आणि मी बाहेर बाकावर. हे दार जाडजूड होतं, काही ऐकू येईना.

थोड्या वेळाने परीक्षा घेणाऱ्या मेट्रनबाई हसतच बाहेर आल्या. मागे बायको, चेहरा फुललेला. मी हिचा नवरा का, असं मेट्रनबाईंनी मला इंग्रजीत सावकाश विचारलं.

"येस," मी उठून उभा राहिलो. "आय ॲम बँक मॅनेजर. आय गो टू ऑफिस बाय कार." एक शब्द अडला नाही.

मेट्रनबाईंचं हसू मावळलं. त्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही तर आत्ता म्हणालात प्लंबर आहेत. शेजाऱ्यांचा नळ गळत असला तरी यांना चैन पडत नाही म्हणून. हे बघा, आमच्याकडे नर्सच्या शब्दावर डॉक्टर औषध देतात. यातलं खरं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "प्लंबरच आहे, बाई," मी म्हणालो. "ती खरंच बोलली. खोटं माझं." पुरावा म्हणून हात पुढे केले. नखं नेमकी त्याच दिवशी स्वच्छ होती.

त्यांनी हातांकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. "बरं. कळवू आम्ही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

रस्त्याने बायको म्हणाली, "तो मॅनेजर पुस्तकातला. नमुन्याचं उत्तर होतं, परीक्षेसाठी पाठ केलेलं. आत गेल्यावर सोडून दिलं. म्हटलं, आपल्याच माणसाबद्दल सांगायला पुस्तक कशाला? आणि शब्द आपसूक येत गेले."

"मला वाटलं, तुला माझी लाज वाटते."

"नव्हती वाटत," ती म्हणाली. "आज वाटली."