कोटाच्या खिशातली वेल

वासुदेवरावांनी आयुष्यात कुणालाही 'नाही' म्हटलं नव्हतं. कापूस-खरेदीच्या कचेरीत होते तेव्हा कुणी काम घेऊन आलं की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "करू न भाऊ. एवढी कापसाची गर्दी सरू द्या." माणूस समाधानानं निघून जाई. गर्दी सरे, काम राही. घरातही तोच कारभार. मुलानं, श्रीधरनं, स्कूटर मागितली तेव्हा ते म्हणाले, "खुशाल घे. नालवाडीचा रस्ता डांबरी झाला का घे." रस्ता मुरमाचा होता आणि मुरमाचाच राहिला. बायकोला, आनंदाबाईंना, ते रामटेक दाखवणार होते गाय व्याल्यावर. गाय व्यायच्या आधीच त्यांनी ती विकून टाकली.

सुधाला लग्न होऊन आल्यावर हे कळायला थोडे दिवस लागले. ती बी.एस्सी., बी.एड. होती. लग्नाआधी एका शाळेत तिनं काही महिने शिकवलंही होतं. मुलांना कांद्याची पातळ साल काढून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली की ती "बाई, विटांची भिंत!" असं ओरडत, ते तिच्या अजून कानात होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या पोळ्याच्या सुमाराला तिला कळलं, की देवळीच्या एका शाळेतले विज्ञानाचे मास्तर येत्या जूनमध्ये निवृत्त होणार आहेत. हेडमास्तर तिच्या माहितीचे. त्यांनी निरोप पाठवला होता: मे संपायच्या आत हो म्हणा, जागा तुमची.

श्रीधरला विचारलं तर तो म्हणाला, "माझं काहीच म्हणणं नाही. तू आणि बाबा पाहून घ्या." आणि सायकल काढून पसार झाला.

मग सुधा बैठकीत आली. वासुदेवराव आरामखुर्चीत बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. तिनं सगळं नीट सांगितलं: जायची बस, यायची बस, स्वयंपाक कधी उरकेल ते. त्यांनी मन लावून ऐकलं.

"जा न बाई," ते म्हणाले. "शिकली-सवरली तू. मी कायले आडवा येऊ?" मग त्यांची नजर खोलीभर फिरली आणि कोपऱ्यातल्या फळीवर थांबली. "ते मनीप्लांट हाये न, त्याची वेल दाराच्या चौकटीले लागली का खुशाल जाजो."

आनंदाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि कप जरा जोरातच ठेवला.

ते मनीप्लांट वासुदेवरावांना कचेरीतल्या लोकांनी निरोपाच्या दिवशी दिलेलं. हॉर्लिक्सच्या बाटलीत पाणी, पाण्यात वेल. दोन वर्षं झाली, तिला चार पानं होती आणि चारच राहिली होती. एखादं नवीन आलं की जुनं पिवळं होऊन गळे. दाराची चौकट तिथून पुरुषभर लांब. शिवाय वेलीची जागा हलवायची नाही हा नियम होता, कारण तो कोपरा ईशान्येचा.

सुधा "बरं मामाजी" म्हणाली. ती मुळात कमी बोलायची. पण दुपारी सगळे आडवे झाल्यावर ती स्टुलावर चढली आणि तिनं बाटली डोळ्यांसमोर धरून पाहिली. पाणी हिरवं, काचेला शेवाळ, मुळं चिकट आणि काळपट. कोपऱ्यात उजेड इतका कमी, की वर्तमानपत्राचा मथळासुद्धा वाचता येऊ नये. वेल मेली नव्हती हेच नवल. ती फक्त उपाशी होती.

दुसऱ्या दिवसापासून सुधा कामाला लागली. बाटली घासली, कुजकी मुळं कापली, पाणी बदललं. शेजारी नत्थूजी पाटलांकडे वावरात टाकायचा युरिया होता. त्यांच्याकडून तिनं चिमूटभर मागून आणला.

"एवढुशानं काय होते, बाई?" नत्थूजी म्हणाले. "पसाभर ने."

"पसाभर टाकला तर मरेल, काका. आमचं वावर बाटलीएवढं आहे."

चिमटीतले दोन-चार दाणेच तिनं पाण्यात सोडले. मग बाटलीला उजेड लागून पुन्हा शेवाळ धरू नये म्हणून तिच्यावर श्रीधरचा एक जुना पायमोजा चढवला.

वासुदेवरावांनी तो पाहिला. "काऊन, बाटलीले थंडी वाजते काय?"

"हो मामाजी. पाय गार पडले होते तिचे."

उरला प्रश्न उजेडाचा. वेल उजेडाकडे नेता येत नव्हती, तर उजेडच वेलीकडे आणायला हवा होता. सकाळची भांडी झाली की सुधा मोठी स्टीलची परात अंगणात, खिडकीच्या समोर, दगडाला टेकवून वाळत ठेवू लागली. परातीवर पडलेलं ऊन खिडकीतून आत शिरे आणि थेट कोपऱ्यातल्या फळीवर जाऊन बसे. सूर्य सरकला की उजेडाचा तुकडाही सरके. मग सुधा हातातलं काम टाकून बाहेर जाई आणि दगड बोटभर हलवून येई.

"अवं, वाळली न आता परात," आनंदाबाई म्हणाल्या. "कितीक खेपा तोंड फिरवतं तिचं?"

"आई, तळाशी ओल राहते."

एकदा दगड घसरला आणि तो लख्ख तुकडा वासुदेवरावांच्या टकलावर स्थिरावला. ते वाचत बसले होते. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, खुर्ची सरकवली. सुधानं घाईनं दगड बदलला. आनंदाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या टकलाकडे, मग सुनेकडे. पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ खोकल्या. त्या दिवसानंतर सुधा पोळ्या लाटत असली की दगड आपोआप सरकलेला असे.

वेलीनं दिवाळीपर्यंत अंग धरलं. गुंडाळी उलगडून एक पान आलं, मग दुसरं. सुधानं भिंतीला खिळे ठोकून सुतळी बांधली आणि वेल दाराच्या दिशेनं वळवली. थंडीत ती थोडी थबकली, पण संक्रांत झाल्यावर अशी सुटली की वासुदेवराव सुपारी कातरता कातरता थांबून तिच्याकडे पाहू लागले.

त्यांच्या पोटात काय होतं ते सुधाला ठाऊक होतं. रोज दुपारची जेवणं झाली की सासरा आणि सून सात-आठचा डाव मांडत. वासुदेवराव पत्त्यांत अट्टल लबाडी करत. हुकमाचं पान मांडीखाली सरकवायचं आणि चेहरा देवासारखा ठेवायचा. श्रीधरला ते कधी दिसलं नाही, आनंदाबाईंना पत्ते कळत नव्हते. सुधा मात्र हात पुढे करी आणि म्हणे, "मामाजी, उठा बरं जरा." पकडले गेले की ते इतके खूश होत, की चहा पुन्हा होई. सून देवळीला गेली तर दुपारी त्यांची लबाडी पकडणार कोण?

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी सुधा बैठक झाडायला आली तर वेलीचा शेंडा गायब. चांगला हातभर, तीन पानांसकट.

"उंदीर," वासुदेवराव पेपरमागून म्हणाले. "लय झाले हो यंदा उंदीर."

सुधानं स्टूल ओढलं आणि कापलेलं टोक पाहिलं. उंदीर कुरतडतो, त्याच्या दातांच्या खाचा राहतात. हे टोक सरळ होतं, एका बाजूनं दाबलं गेलेलं, आणि त्याला तपकिरी भुगा चिकटला होता. तिनं तो बोटावर घेतला. सुपारी.

"हो, उंदीरच," ती म्हणाली आणि केर काढू लागली.

तिला दोन गोष्टींचं कोडं होतं. पहिलं स्वतःचंच: हुकमाचं पान लगेच पकडणारी आपण आज गप्प का बसलो? त्याचं उत्तर सोपं होतं. पकडलं असतं तर त्यांनी अट बदलली असती. दुसरं, तो शेंडा गेला कुठे? केरात नव्हता, अंगणात नव्हता. हिरवी लक्ष्मी उकिरड्यावर टाकायचं धाडस वासुदेवरावांना झालं नसतं.

ते उत्तर चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात मिळालं. आनंदाबाईंनी माठाच्या तिवईमागून लोणच्याची एक कानतुटकी बरणी काढली. बरणीत पाणी होतं आणि पाण्यात तीन पानांचा शेंडा.

"तुया मामाजीचा कोट धुवाले काढला, तं खिशात भाजी," त्या म्हणाल्या. "आता कोटात भाजी उगवली तं फेकून देऊ काय? लावली पान्यात."

सुधानं शेंडा उचलून पाहिला. पेराशी मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा फुगवटा आला होता. मूळ.

तिनं तो जपून परत पाण्यात सोडला. मग आनंदाबाईंनी बरणी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून लागून असलेल्या कोनाड्यात ठेवली. पूर्वेची खिडकी समोर, माठाचा ओलावा खाली, चुलीची ऊब शेजारी. वेलीला याहून चांगली जागा सुधाला पुस्तकातही सापडली नसती. शिवाय ही जागा अगदी निर्धोक होती. वासुदेवराव आजवर स्वयंपाकघरात आले नव्हते. पाण्याचा पेलासुद्धा त्यांना बसल्या जागी लागे.

बैठकीतल्या वेलीचा शेंडा गेल्यावर अपेक्षेप्रमाणे खालच्या दोन पेरांमधून दोन फुटवे आले. वासुदेवरावांचा चेहरा पडला. "एक कापला तं दोन कसे आले?" असं ते बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "म्हंजे, उंदरानं कापला तं."

"असंच असतं मामाजी. शेंडा असला की तो खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवतो. शेंडा गेला की ते जागे होतात."

हे ज्ञान त्यांना मानवलं नाही. उंदीर पुन्हा आला. मग आणखी एकदा आला. दर खेपेला आनंदाबाई कोट झटकत आणि बरणीत एक शेंडा वाढे. एकदा कोट खुंटीवरच विसरला तेव्हा त्या बैठकीत जाऊन म्हणाल्या, "कोट द्या धुवाले."

"परवाच तं धुतला."

"मळला."

चैत्र तापला. बैठकीतली वेल छाटून छाटून झुडपासारखी झाली, दाट आणि गुबगुबीत, पण चौकटीपासून हातभर लांबच. आत मात्र निराळाच प्रकार. लोंबती सोडली तर या वेलीची पानं लहान राहतात, आधाराला धरून चढू दिली तर मोठी होतात. कोनाड्यातली वेल सागवानी चौकटीला आपल्या मुळ्यांनी घट्ट चिकटून वर चढली होती. वरची पानं तर वाटीएवढी. तिनं वरचं लाकूड ओलांडलं आणि शेंडा दाराच्या मधोमध लोंबू लागला. पदर सांभाळत वाकून जायची दोघींना सवय झाली.

मे संपत आला. हेडमास्तरांचा दुसरा निरोप आला तेव्हा वासुदेवराव समोरच बसले होते. "काय करतं बाई," ते हळहळून म्हणाले. "मी तं जा म्हनलं होतं. वेलच नाई लागली. उंदरानं घात केला." आणि त्यांनी पत्ते पिसायला घेतले. "चहा होऊ दे मंग."

बराच वेळ चहा आला नाही.

"अवं, चहा!"

"ठेवला हाये," आतून आनंदाबाईंचा आवाज आला. "या घ्यायले."

वासुदेवरावांनी सुनेकडे पाहिलं. "मले म्हनून राह्यली काय?"

"तुम्हालाच म्हणाल्या वाटतं, मामाजी."

ते उठले. माजघर ओलांडून स्वयंपाकघराच्या दाराशी आले, उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि काहीतरी गार, गुळगुळीत त्यांच्या कानाला लागलं. ते दचकून मागे सरले. मग त्यांनी मान वर केली. अख्खी चौकट हिरवी होती.

"हे काय होय?"

"वेल," आनंदाबाई म्हणाल्या. "चौकटीले लागली."

पण कचेरीत हयात गेलेला माणूस तो. "ही ती वेल नोहे. मी बैठकीतल्या वेलीचं बोललो होतो. ही दुसरी."

सुधा त्यांच्या मागे येऊन उभी होती. "बी पेरून जे येतं ते झाडाचं लेकरू, मामाजी. फांदी लावून जे येतं ते लेकरू नव्हे, तेच झाड. फक्त जागा बदलून बसलेलं. तुमच्या वेलीचं टोक आधी तिकडे होतं, आता इकडे आहे."

"माया वेलीची फांदी इकडं कशी येईन? तिचे शेंडे तं उंदरानं नेले."

"व्हय," आनंदाबाई चहात साखर ढवळत म्हणाल्या. "आन् नेऊन तुमच्या कोटाच्या खिशात ठेवले. कोनता उंदीर कोट घालते, तेवढं सांगा मले."

वासुदेवराव पेचात पडले. ही दुसरी वेल म्हणावं तर ती आली कुठून ते सांगावं लागत होतं. तीच म्हणावं तर सून देवळीला निघाली. त्यांनी शेंड्याचं पान बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. मग पोट हलवून जे हसू लागले, ते थांबेनात.

"जाजो बाई," शेवटी डोळे पुसत ते म्हणाले. या वेळी अटीचा "का" नव्हता, "की" नव्हता. आनंदाबाईंनी कप त्यांच्या हातात दिला नाही, ओट्याकडे बोट दाखवलं. त्यांनी तो स्वतः उचलला.

"रविवारी शाळा नसते न?" त्यांनी जरा वेळानं विचारलं.

"नसते, मामाजी."

"मंग ठीक हाये. बस, डाव तं मांडला हाये."

त्या दिवशी ते सरळ खेळले, किंवा निदान तसं दिसलं. डाव निम्म्यावर आला तेव्हा त्यांनी पडलेली पानं मोजली, सतरंजी उचलून पाहिली, चष्मा पुसला.

"सुधा, हुकमाचा एक्का कुठं गेला?"

सुधा मांडी न हलवता हातातली पानं लावत राहिली.

"उंदरानं नेला असेल," ती म्हणाली.