कुडव्याच्या समुद्राला कॅल्शियम पाजताना

मित्रांनो, मी जुना झालेला एक डोसिंग पंप आहे आणि स्वस्थ बसणे मला जमत नाही. आकाराने मी तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडासाच मोठा. माझ्या पोटात दोन चाके आहेत आणि प्रत्येक चाकाला तीन रूळ. ते रूळ एका मऊ नळीला दाबत दाबत फिरतात आणि नळीच्या टोकातून औषधाचे थेंब पडतात. दर तासाला एकदा घर्र, मग शांतता. पण त्या शांततेतही पुढच्या फेरीची घाई माझ्या अंगात असते.

कारखान्यातून निघाल्यावर मी नागपूरच्या एका दुकानात कित्येक महिने खोक्यात पडून होतो. तिथून मला नूतनताईंनी गोंदियाजवळ कुडव्याला आणले. नूतनताई रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करतात. त्यांचे यजमान हिमांशू नोकरीमुळे नागपूरला राहतात आणि शनिवारी घरी येतात. कुडव्यापासून समुद्र कितीतरी दूर आहे. तरी या घराच्या बैठकीत चार फुटांच्या काचेच्या टाकीत खारे पाणी होते, निळा दिवा होता आणि पाच प्रवाळ होते. त्यांतले एक हिरवे, फांद्याफांद्यांचे होते. ते ताईंचे सर्वांत लाडके.

प्रवाळ दिसायला झाडासारखे, पण ते प्राणी असतात. पाण्यातले कॅल्शियम घेऊन ते आपले दगडी घर बांधतात. समुद्र मोठा आहे, त्याला काही कमी पडत नाही. टाकी मात्र लहान. प्रवाळांनी जितके घेतले तितके रोज परत द्यावे लागते. ते देण्यासाठीच मी होतो. माझ्या डाव्या नळीतून कॅल्शियमचे पाणी जाई आणि उजव्या नळीतून सोड्याचे. ही दोन औषधे जवळजवळ ओतायची नसतात. म्हणून दोन्ही नळ्या टाकीच्या दोन टोकांना होत्या आणि दोन्हींच्या वेळाही वेगळ्या होत्या.

पहिली दोन वर्षे छान गेली. दर रविवारी सकाळी ताई छोट्या बाटलीत टाकीचे पाणी घेत, त्यात पूड टाकत. पाणी गुलाबी होई. मग सिरिंजने एकेक थेंब सोडत, आणि एका थेंबाला तो गुलाबी रंग निळा होई. किती औषध लागले त्यावरून कॅल्शियमचा आकडा निघे. ताई तो मार्करने काचेच्या कोपऱ्यात लिहीत. चारशे वीस. पाहुणे आले की टाकीसमोरून हलत नसत. ताई माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, सगळे हाच सांभाळतो. मला फार बरे वाटे. पुढे त्याच वाक्याने घात केला.

लॅबमध्ये काम वाढले. एक रविवार चुकला, मग दुसरा. पंप आहे ना, असे म्हणून ताई दुसऱ्या कामाला लागत. तपासणीचे औषध संपले, तेही मागवायचे राहिले. काचेवर चारशे वीस तसेच होते. आकडा जुना होता, पण तो तसा दिसत नव्हता.

त्याच दिवसांत ताईंचे सासरे दुधरामजी केशोरीहून आले. त्यांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला होता आणि तीन महिने शेतात जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. दुधरामजी स्वतः गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या धानाला किती पाणी सोडायचे ते तेच ठरवत. अशा माणसाला दोन खोल्यांत कसे करमणार? ते दारापर्यंत जात, परत येत, खुर्चीवर बसत, पुन्हा उठत. टाकीकडे बघून त्यांनी पहिल्याच दिवशी सुनेला विचारले, "ह्या पान्यात धान होत नाई, मासोरी खाता येत नाई. कायले पोसून राहिली तू ह्याले?"

ताई नुसत्या हसल्या. पण चार दिवसांनी दुधरामजींची खुर्ची टाकीजवळ सरकली. पाणी कोणतेही असो, त्याच्या काठी बसायची त्यांना सवय होती.

इकडे मला काहीतरी खटकत होते. माझी डावी नळी कडक झाली होती. रूळ दाबून पुढे गेला की ती पूर्वीसारखी फुगून वर येत नव्हती, चपटीच राहत होती. मी फिरत होतो, आवाज तोच होता, पण थेंब अर्धेच पडत होते. हे कोणाला सांगू? मला तोंड नाही. दर तासाला मी घर्र करी आणि घरातल्या सगळ्यांना वाटे, चालू आहे. रोज प्रवाळ मागत होते आणि रोज मी कमी देत होतो.

एका संध्याकाळी लॅबमधून आल्यावर ताईंना दिसले की हिरव्या प्रवाळाची टोके पांढरी पडली आहेत. त्यांवरची कातडी मागे सरकून आतला दगड उघडा पडला होता. मोजायला औषध नव्हते. घाईघाईत त्यांनी माझ्या दोन्ही बाटल्या उचलल्या, आधी एक आणि लगेच दुसरी, टाकीत ओतल्या. क्षणभर काही झाले नाही. मग पाणी दुधाळ झाले, भाताच्या पेजेसारखे. दोन औषधे एकमेकांना भेटली आणि त्यांचा खडू झाला. तो खडू वाळूवर, हीटरवर, प्रवाळांवर बसू लागला. पाण्यात जे थोडे कॅल्शियम उरले होते, तेही त्यात गेले.

ताई जमिनीवर बसल्या. दिवसभर त्या लोकांच्या रक्तातले कॅल्शियम मोजत होत्या, आणि घरचे पाणी त्यांनी दोन महिने मोजले नव्हते. हे त्यांनीच सासऱ्यांना सांगितले, आणि म्हणाल्या, "मामाजी, माझ्याच हातानं मारलं मी त्यांना. उद्या कोणाला तरी देऊन टाकते टाकी."

दुधरामजींनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ते नवे पाणकर होते तेव्हाची. केवळराम नावाच्या शेतकऱ्याची बांधी, म्हणजे धानाचे शेत, पाटाच्या अगदी शेवटी होती. दुधरामजींनी तलावाचे तोंड उघडले आणि ते घरी गेले. वाटेत खेकड्यांनी पाट पोखरला होता, सगळे पाणी नाल्यात गेले. धान फुलोऱ्यावर होता, आणि केवळरामाचे शेत कोरडे पडले. तो रागावला नाही. त्याने दुधरामजींना हात धरून बांधावर नेले आणि पोचट लोंब्या दाखवल्या.

"तोंड उघडला म्हनजे पानी पोचला, असा नसते बाई," दुधरामजी म्हणाले. "शेवटच्या बांधीवर जाऊन पाहा लागते. त्या दिवसापासून मी रोज पाटानं चालत गेलो. आता तू काही टाकू नोको. पयले पाहू, मंग टाकू."

त्यांनी मला बंद करायला लावले. ताईंनी हिमांशूंना फोन करून तपासणीचे औषध, माझ्या बाटल्यांतली दोन्ही औषधे आणि पाणी बदलण्यासाठी समुद्री मीठ आणायला सांगितले. शनिवार तीन दिवसांवर होता. मित्रांनो, ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस होते. समोर प्रवाळ मरत होते आणि मी गप्प होतो. फिरलो तरी नुकसान, थांबलो तरी नुकसान.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई लॅबमध्ये असताना दुधरामजींनी त्यांना फोनवरच विचारून मला सुरू केले. पण माझ्या नळ्या त्यांनी टाकीतून काढून दोन रिकाम्या पेल्यांत सोडल्या होत्या, आणि दोन्ही बाटल्यांत साधे पाणी भरले होते. घड्याळ बघून पाच मिनिटे त्यांनी मला चालवले. मग दोन्ही पेले उजेडात धरले. उजवा भरला होता. डावा अर्धाच होता. त्यांनी माझे झाकण काढून डावी नळी बोटांनी दाबली. ती चपटीच राहिली.

"हे पाह्य," संध्याकाळी त्यांनी सुनेला दोन्ही पेले दाखवले. "खेकडा इथं होता."

ताईंनी ती नळी कितीतरी वेळ हातात धरली. मग हिमांशूंना पुन्हा फोन केला आणि नवी नळीही आणायला सांगितली. टाकी देऊन टाकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

शनिवारी हिमांशू सगळे सामान घेऊन आले. माझी नवी नळी बसवली, थोडे पाणी बदलले, खाली बसलेला खडू एका जाड नळीने ओढून काढला. मग ताईंनी पाणी मोजले. तीनशे दहा. काचेवरचे जुने चारशे वीस त्यांनी पदराने पुसले आणि तिथे तीनशे दहा लिहिले. ताईंना एकदम सगळे भरून काढावेसे वाटत होते. दुधरामजी म्हणाले, कोरड्या बांधीत एकदम पाणी सोडले तर बांध फुटतो. म्हणून दिवसाला वीसच वाढवायचे ठरले. रोज मोजायचे काम दुधरामजींनी मागून घेतले. पहिल्या दिवशी गुलाबी रंग निळा कधी झाला, हे त्यांना कळले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या नव्या डोळ्यांना तो नेमका थेंब दिसू लागला. थेंब मोजताना ते खुर्चीतून उठत नसत, आणि मला वाटते, केशोरी सोडल्यापासून ते पहिल्यांदाच स्थिर बसत होते.

सगळे वाचले नाहीत. दोन प्रवाळ गेले. हिरव्याच्या वरच्या फांद्याही गेल्या, फक्त बुंधा राहिला. सात आठवड्यांनी त्या बुंध्यावर एक नवे टोक आले, धानाच्या कोंबाएवढे. दुधरामजींनी ते आधी पाहिले, पण सुनेला सांगितले नाही. तिला स्वतःलाच दिसेपर्यंत ते वाट पाहत बसले.

पऱ्हे टाकायचे, म्हणजे धानाची रोपे पेरायचे, दिवस जवळ आले तसे ते केशोरीला परतले. आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. तब्येत नंतर, आधी एकच प्रश्न: "किती आला?" एका रविवारी ताईंनी मोजले नव्हते. खोटे सांगणे सोपे होते. पण त्या म्हणाल्या, "थांबा मामाजी, फोन ठेवू नका." आणि फोन टेबलावर ठेवून त्यांनी सिरिंज हातात घेतली. पलीकडे दुधरामजी थांबले होते. मीसुद्धा.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मी दिलेल्या वेळी फिरेन, दमणार नाही, कंटाळणार नाही. पण आपण कमी पडतो आहोत, हे मला सांगता येत नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणीतरी काम करत असेल. त्याचा आवाज ऐकून निश्चिंत होऊ नका. त्याच्यावर जे जीव अवलंबून आहेत, त्यांच्याकडे जाऊन पाहा. माझी नवी नळीही एक दिवस कडक होईल. कदाचित ती आताच होत असेल. मी फिरतोच आहे. तुम्ही पाणी मोजा.