पिवळ्यावर निळा

"अक्षरं अजून दिसतायत," गॅरेजच्या दारात उभी राहून थोरली बहीण म्हणाली. "मला इथून चष्म्याशिवाय वाचता येतायत."

मास्तरांनी पॉलिश पेपर बादलीत बुडवला आणि गाडीच्या दारावर पुन्हा घासायला घेतला. पिवळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. अठरा वर्षं त्या दारावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव होतं. गेल्या महिन्यात मास्तरांनी स्कूल बंद केलं. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि शिकायला येणारेही कमी झाले होते. गाडी मात्र विकली नाही.

रंगाच्या वर्कशॉपवाल्याने तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं होतं. मास्तरांकडे आठच दिवस होते. रविवारी दुपारी लायब्ररीतल्या बाईंना स्टेशनवर सोडायचं होतं. बाई निवृत्त होऊन लेकीकडे निघाल्या होत्या, कायमच्या. स्टेशनवर सोडाल का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं होतं. पिवळ्या गाडीतून, छपरावर 'शिकाऊ' असा फलक मिरवत त्यांना न्यायचं मास्तरांच्या जिवावर आलं. एकदा तरी त्यांच्या दाराशी स्कूलच्या नव्हे, नुसत्या गाडीने जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

बहिणीने घाईचं कारण विचारलं, तेव्हा ते म्हणाले की हात मोकळे आहेत म्हणून करतोय. ती काही दूधखुळी नव्हती.

"जन्मभर लोकांना सांगत आलास, बिचकू नका, पुढे घ्या," ती म्हणाली. "स्वतः मात्र सिग्नलला उभाच."

बाई गाडी शिकायला आल्या, त्याला चौदा वर्षं झाली होती. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी शाळेत. हात हलका होता, नजर चौफेर. पंधरा दिवसांत त्या अशा चालवू लागल्या की मास्तर शेजारी बसून निवांत खिडकीबाहेर बघत. तरी परीक्षेत नापास झाल्या. पहिल्या खेपेला गाडी मागे घेताना खांबाला टेकवली, दुसऱ्यांदा वळताना दिवा दाखवायला विसरल्या, तिसऱ्यांदा चढावर गाडी बंद पाडली. प्रत्येक वेळी पुन्हा दहा तास शिकवणी. त्या तासांमध्ये त्या हसत, लायब्ररीतल्या गमती सांगत. पिवळी गाडी बघून माणसं बाजूला पळतात, असं म्हणत. आपली गाडी असती तर गडद निळी घेतली असती, असंही एकदा म्हणाल्या होत्या.

चौथ्या खेपेला त्या एकही चूक न करता पास झाल्या. स्कूलमध्ये मिठाईचा पुडा ठेवून गेल्या आणि गाडी काही घेतली नाही. मग मास्तर लायब्ररीचे सभासद झाले. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं आणि पुढच्या शनिवारी आणून द्यायचं. बाई तारखेचा शिक्का मारत. पाऊस, तब्येत, लेकीचा अभ्यास, असं दोन मिनिटं बोलणं होई. मागे रांग असे.

बुधवारपर्यंत घासून झालं. पोचे पुट्टीने भरले, प्रायमर मारला, काचांवर आणि दिव्यांवर वर्तमानपत्रं चिकटवली. कपाटं रंगवणाऱ्या एका जुन्या शिष्याने कॉम्प्रेसर आणि फवारणीची बंदूक उसनी दिली आणि बजावलं, "मास्तर, हात चालता ठेवा. थांबलात की रंग ओघळला म्हणून समजा." शुक्रवारी सकाळी मास्तरांनी धूळ बसावी म्हणून गॅरेजच्या जमिनीवर पाणी शिंपडलं, तोंडाला फडकं बांधलं आणि निळा रंग मारायला सुरुवात केली. बहिणीने दोरीवरचे कपडे काढून घेतले आणि घराच्या खिडक्या लावल्या.

टप, बॉनेट, तीन दारं झकास झाली. चौथ्या दाराशी त्यांना नापासाच्या त्या तीन चुका एकदम एकापुढे एक दिसल्या. खांब, दिवा, चढ. शिकवणीत यातलं काहीही बाईंनी एकदासुद्धा चुकवलं नव्हतं. हे आपल्याला तेव्हा का दिसलं नाही, म्हणून ते बंदूक दाबून उभेच राहिले. भानावर आले तोवर दारावर करंगळीएवढा ओघळ उतरला होता. तो पुरता वाळवून, घासून पुन्हा रंगवायला पुरेसे दिवस हाताशी नव्हते.

रविवारी बाई दोन तास आधी स्वतःच त्यांच्या घरी आल्या. वाटेवरच होतं म्हणाल्या. वाटेवर मुळीच नव्हतं. हातात एकच बॅग होती, बाकीचं सामान पुढे गेलं होतं. बहीण चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली.

गॅरेजात बाई गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. रंगाचा वास अजून नाकात जात होता. ओघळापाशी त्या थांबल्या.

"इथे हात थांबला वाटतं."

"हो," मास्तर म्हणाले. मग एवढी वर्षं जे विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "बाई, तुम्ही तीनदा मुद्दाम नापास झालात?"

"हो."

"मग चौथ्यांदा?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना त्या परीक्षेच्या सकाळी, या वेळी पास व्हा, म्हणजे मीही सुटेन."

मास्तरांना ते आठवत होतं. थट्टेत म्हटलं होतं. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण बाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या. लायसन्स आहे माझं. दोनदा नवं करून घेतलंय."

चहा घेऊन ते निघाले. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि गाडी एका दमात रस्त्यावर काढली. मास्तर शेजारी बसले. शिकवणाऱ्याच्या पायाशी असणारा जादा ब्रेक त्यांनी काढला नव्हता. पहिल्याच चौकात त्यांचा पाय आपसूक त्याच्यावर गेला.

"मास्तर, पाय काढा," बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही पाय मागे घेतले. आज एकही माणूस गाडी बघून बाजूला झाला नाही.

स्टेशनसमोर बाईंनी गाडी दोन गाड्यांच्या मधे, रेघेत बरोबर लावली.

"राहता नाही येणार?" मास्तरांनी विचारलं.

बाईंनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच राहिले. "लेकीला शब्द दिलाय," त्या म्हणाल्या. "नातीला सांभाळायला माझी वाट बघतेय ती."

मास्तरांनी बॅग फलाटावर नेऊन दिली, पोचलात की कळवा म्हणाले. गाडी सुटेपर्यंत थांबू नका, असं बाईंनीच सांगितलं, म्हणून ते परत आले आणि चालकाच्या दारातून आत शिरले. सीट बाईंच्या उंचीला पुढे ओढलेली होती. दुखरे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले. मागे सरकवायचा खटका हाताशीच होता. मास्तर तसेच अवघडून बसले आणि सावकाश गाडी चालवत घरी आले.