बोळक्या तोंडातले किडे

धरणगावच्या बाजारात दातांची कीड काढणाऱ्या महाराजांभोवती माणसांची झुंबड उडाली होती. त्या गर्दीतून दिपमाला नवऱ्याला ओढत पुढे नेत होती. हिलालचा गाल टम्म फुगला होता, सूज गळ्याकडे उतरत होती. त्याला तोंडही उघडवत नव्हतं.

दाढ काढायचं खरं तर ठरलं होतं. दातांच्या डॉक्टर सारिकाताईंनी रक्तातली साखर तपासली, गोळ्या दिल्या आणि गोळ्या संपवून, जेवून यायला सांगितलं. पण शेजारचे झुलालभाऊ म्हणाले, "दाढ काढी ते डोया जाई!" झालं, डोळा जाईल या धास्तीने हिलालने गोळ्या बंद केल्या.

"डॉक्टर दात उपटतो, आम्ही कीड उपटतो! ना सुई, ना रक्त!" महाराज गरजले. पाण्याच्या परातीत तापलेली खापरी, तिच्यावर चिमूटभर बिया, वर उपडं मडकं. मडक्याच्या नळीतून हिलालने धूर घेतला. मडकं उचललं, तर पाण्यावर पांढरे किडे! लोकांनी हात जोडले. दिपमालाला रडूच फुटलं. तिने हिलालला पाणी पाजलं. ते सगळं ओठांतून बाहेर आलं. त्याला गिळताच येत नव्हतं.

तिच्या सासूबाई बेबाबाई सारं बघत होत्या. पदर तोंडाला लावून त्या पुढे बसल्या. "माले बी धूर दे, भाऊ."

पुन्हा मडकं उचललं. पुन्हा किडे. बेबाबाईंनी पदर काढून आ केला. तोंडाचं नुसतं बोळकं!

"मन्हा तोंडमा एक बी दात नही. मंग ह्या किडा कोणता दातना शेतस?"

"जबड्यातले जुने किडे आहेत, माय!" महाराज म्हणाले.

दिपमालाने बियांची पुडी हिसकावली, खापरीवर ओतली आणि मडकं झाकलं. नळीला कोणाचंच तोंड नव्हतं. तरी पाण्यावर किडेच किडे! तिने एक चिरडला. तो किडा नव्हताच. बांधावरच्या भुईरिंगणीचं बी उष्णतेने फुटतं आणि आतला पांढरा कोंब बाहेर उडतो, एवढीच ती जादू. महाराज केव्हा पसार झाले, कळलंही नाही.

दिपमालाने हिलालला सारिकाताईंकडे नेलं. त्यांनी त्याला तडक जळगावच्या दवाखान्यात पाठवलं. पू काढला, दाढ काढली. "अजून उशीर केला असता तर श्वास कोंडला असता," तिथले डॉक्टर म्हणाले.

कापूस दाताखाली दाबून हिलाल पडला होता. "थुकू नको. तंबाखूले हात लावू नको. गार शिकरण करी देस," ती म्हणाली. तो तिच्याकडे बघत राहिला, दोन्ही डोळ्यांनी.

बाबांनो, दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडे जा, दिलेल्या गोळ्या संपवा. आणि कोणी किडे दाखवलेच, तर आधी नळीला तोंड न लावता बिया जाळायला सांगा, मग मडकं उचलायला सांगा.