मला वाजवून पाहिले असते तर

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. काचेला तडा, पाठीचे झाकण रबर लावून धरलेले, आणि सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तोवर माणसाचा चहा पिऊन होतो. दुकानातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो, पण ते दिवस फार टिकले नाहीत. हात बदलत बदलत मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आलो. कंपनी कसली, शिंप्याच्या दुकानावरची एक खोली, चार टेबले आणि एक कुरकुरणारा पंखा.

तिथे औषधाच्या गोळ्यांची आठवण करून देणारे अ‍ॅप तयार होत असे. गोळीची वेळ झाली की फोनवर घंटी वाजायची, एवढेच त्याचे काम. मला तिथे आणले ते चाचणी करणाऱ्या ताईंनी. कोणतेही नवे व्हर्जन बाहेर जायला निघाले की त्या "थांबा" म्हणत, म्हणून सगळे त्यांना थांबाताईच म्हणायचे. मला पाहून मालकांनी नाक मुरडले.

"हे डबडं कशाला आणलंत?"

"ज्यांना गोळ्या लागतात ना, त्यांच्या हातात अशीच डबडी असतात," ताई म्हणाल्या. "यावर वाजलं, तरच बाहेर पाठवायचं."

तो कंपनीचा नियम झाला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस! नवे व्हर्जन आधी माझ्यात येई. सगळे हातातले काम टाकून माझ्याभोवती गोळा होत. मी घणघणलो की दाढीवाला प्रोग्रामर माझ्या पाठीवर थाप मारी. कधी मी वाजत नसे. मग तो कपाळाला हात लावून पुन्हा कामाला बसे, पण माझ्यावर कोणी रागावत नसे.

अ‍ॅप वापरणाऱ्यांत एक आजोबा होते. त्यांचे उभे आयुष्य घड्याळे दुरुस्त करण्यात गेलेले. हृदयाच्या गोळ्या ते आमच्या घंटीवर घेत, आणि त्यांचा फोन माझ्याच जातीचा. नवे व्हर्जन मिळाले की ते ताईंना आवर्जून फोन करत. "पोरी, अगदी ठोक्याला वाजली हो! तू माझ्या हाताखाली असतीस, तर दुकानच तुझ्या नावावर केलं असतं." मग ताईंचा सगळा दिवस हसतखेळत जाई.

पुढे एक मोठे गिऱ्हाईक आले. कंपनीकडे गुणवत्तेचे प्रमाणपत्र असेल तरच काम देऊ, अशी त्यांची अट होती. मालकांनी कंबर कसली. काम कोणत्या पद्धतीने होते, कोण काय तपासतो, हे सगळे कागदावर हवे होते. ते लिहायला ताईंना बसवले.

"चाचणी पोरं बघतील. तुम्ही तेवढे कागद पुरे करा."

"अहो, नुसते कागद पुरे होऊन काय उपयोग?" ताईंनी विचारले, पण मालकांपुढे त्यांचे काही चालले नाही. मी टेबलाच्या खणात गेलो. बॅटरी संपली, अंगावर धूळ बसली. जुन्या फोनवर चाचणी करायची, हा नियम ताईंनी कागदावर नीट लिहून ठेवला होता. दाढीवाल्याने त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. त्याने घंटी स्वतःच्या नव्या फोनवर वाजवून पाहिली होती, मला चार्ज करायचा त्याला कंटाळा आला. तपासनीस आले, कागद पाहून खूश झाले. मला बघायला कोणी मागितले नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लागले आणि व्हर्जन बाहेर गेले.

या वेळी आजोबांचा फोन आला नाही. कामाच्या रगाड्यात ताईंच्याही ते ध्यानात आले नाही. काही दिवसांनी फोन आला, तो आजोबांच्या मुलीचा.

"ताई, घंटीचा आवाज थोडा मोठा करता येईल का हो? बाबांना ऐकूच येईनासं झालंय. गोळ्या चुकल्या, झटका आला, दवाखान्यात आहेत. मी म्हटलं, अ‍ॅपच बिघडलं असेल, तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, ती पोर तपासल्याशिवाय काही सोडत नाही. वाजलीच असणार, माझेच कान गेलेत."

ताईंनी फोन ठेवला. त्यांनी मला खणातून काढले, चार्जिंगला लावले, नवे व्हर्जन घातले आणि घंटीची वेळ लावली. वेळ झाली. मित्रांनो, मी जिवाचा आटापिटा केला, पण मला वाजता आले नाही. घंटी वाजवायची नवी पद्धत माझ्यासारख्या जुन्या फोनांना कळतच नव्हती.

"एक ओळ बदलायची होती फक्त," दाढीवाला म्हणाला आणि ओंजळीत तोंड लपवून रडू लागला.

मालकांनी खोलीचे दार लावून घेतले. मग म्हणाले, "आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून पाठवा. आजोबांना सांगायची काही गरज नाही."

"मी सांगणार," ताई म्हणाल्या. मला पर्समध्ये टाकून त्या तडक निघाल्या. दवाखान्याच्या जिन्यातच आजोबांची मुलगी भेटली. तिचे डोळे पाहूनच ताईंना कळले, आजोबा गेले.

आता मी पुन्हा टेबलावर असतो. मला रोज चार्ज करतात, माझ्यावर वाजल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही. पण थाप मारायला आता कोणाचा हात उठत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, दुसऱ्यांसाठी काही ना काही बनवाल. तपासले असे लिहिण्याआधी ते खरोखर तपासा. जो तुमच्यावर मनापासून भरवसा ठेवतो, तो तुमच्या चुकीचा दोषही स्वतःकडे घेतो. आजोबांना सांगायचे राहून गेले, म्हणून मी तुम्हाला सांगतो. त्यांचे कान चांगले होते.